आरंभशूर मोटारी

बीड शहरीं आगगाडी पोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. तोंपर्यंत जिल्ह्यांत परळीसारखीं थोडीं ठिकाणें सोडलीं तर सर्व जाणें-येणें रस्त्यावरूनच होत आलें, आणि अजूनहि बहुतेक तसेंच होतें. निजामाच्या राज्यांत सरकारी मोटार-वाहतुकीचें खातें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं उघडलें, पुढें एस्. टी. आली, मग जीपा आल्या, आणि आतां दाराशीं स्वतःची मोटार असणें हें पेन्शनर माणसासहि अशक्य राहिलेलें नाहीं. म्हणून 'कोणती गाडी घ्यावी?' असें विचारणारीं पत्रें आमच्याकडे वरचेवर येतात.

या खेपेचें पत्र पाटोदा तालुक्यांतील एका निवृत्त गृहस्थांचें आहे, आणि त्यांचा प्रश्न हौसेचा नाहीं. त्यांच्या कुटुंबास मूत्रपिंडाचा विकार असून आठवड्यांतून दोन वेळां डायालिसिससाठीं बीडला न्यावें लागतें. फंडाच्या पैशांतून घ्यावयाची ही गाडी पहिली आणि शेवटचीच, असें ते लिहितात. चिरंजीवांस मोठा पडदा व उघडतें छत असलेली, नुकतीच बाजारांत आलेली गाडी हवी आहे; वडिलांस धास्ती आहे ती मांजरसुंब्याच्या घाटांत रात्रीं अडकून पडण्याची.

आमच्या मतें बापलेकांचा वाद एकाच गुणाविषयीं नाहींच. नवी गाडी निर्दोष असणें आणि जुनी गाडी विश्वासू असणें हे दोन निरनिराळे गुण होत. अमेरिकेंतील जे. डी. पॉवर ही संस्था त्यांची मोजदादहि वेगवेगळी करिते. गाडी घेतल्यापासून ९० दिवसांत मालकास काय काय खुपलें हें विचारून दर १०० गाड्यांमागें तक्रारी किती, तें ती १९८७ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. तीन वर्षें वापरलेल्या गाड्यांची विचारपूस निराळी. मौज अशी, कीं फोन पडद्याशीं जोडला जात नाहीं ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स बिघडला हीहि एकच तक्रार! अनुस्वार चुकला तरी एक गुण कापावा आणि सबंध गणित चुकलें तरी एकच, अशा रीतीनें आम्हीं पेपर तपासले असते तर पालक आमच्या दाराशीं येऊन बसले असते.

पहिल्या तीन महिन्यांत दिसतात ते जोडणीचे दोष: दार नीट न बसणें, कोठें तरी खडखड, एखादी सैल तार. झिजेचे दोष तोंवर जन्मासहि आलेले नसतात. पाण्याच्या रबरी नळ्या इंजिनाच्या उष्णतेनें कडक होऊन तडकण्यास वर्षें लागतात. सांध्यांतील बुश, क्लचची प्लेट, शॉकॲब्सॉर्बर हीं हळूहळूच थकतात. आमच्याकडे तर वैशाखांत पारा चाळिशीच्या वर, वाटेंत धूळ, आणि गांवोगांवीं मन मानेल तसे उभारलेले गतिरोधक. खांब रोंवितांना तो पुन्हां पुन्हां हालवून पाहतात, त्यास शास्त्रकार स्थूणानिखनन न्याय म्हणतात. तें काम आमचे रस्ते विनामूल्य करितात. फक्त निकाल लागण्यास पांच-सात वर्षें जावीं लागतात.

येथें कोणी वृद्ध वाचक ॲम्बॅसडरचें नांव काढतील. त्या गाडीविषयीं आम्हांसहि ममत्व आहे. पण खरें सांगावयाचें तर ती नवी असतांनाहि कुरकुरे व पुढेंहि वारंवार बिघडे. तिचा मोठेपणा हा, कीं तालुक्याच्या कोणत्याहि मिस्त्रीस ती दुरुस्त करतां येई. मुंबईची पद्मिनी टॅक्सी त्याच जातीची. ती ऑक्टोबर २०२३ मध्यें गेली ती २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळें. न बिघडणें आणि बिघडल्यास सहज सुधारणें यांतला भेद लोकांस खरा कळला तो डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० आल्यावर. ती आणि ॲम्बॅसडर, दोघींचेंहि उत्पादन २०१४ सालीं थांबलें.

तेव्हां पाटोद्याच्या गृहस्थांनीं पडद्याकडे पाहूं नये. ज्या नमुन्याचें इंजिन व गिअरबॉक्स निदान पांच-सहा वर्षें रस्त्यावर आहेत, तोच निवडावा. नव्या नमुन्याच्या पहिल्या वर्षांतील गाडी इतरांस घेऊं द्यावी. विक्रेत्यास विचारण्यापेक्षां बीडच्या दोन-तीन गॅरेजांत जाऊन 'या गाडीच्या दहा वर्षांच्या किती येतात व कशासाठीं येतात' एवढें विचारावें. त्याच नमुन्याच्या आठ वर्षांच्या गाडीस जुन्या बाजारांत भाव काय मिळतो, तेंहि पाहावें. तो भाव ठरविणारे लोक भिडेस पडत नाहींत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. तीन वर्षांची परीक्षा म्हणजे त्याचा पांचवा हिस्सा, आणि गाडी कंपनीच्या हमींत असतांनाचा बहुधा तोच काळ. शिवाय घाटांत बंद पडलेल्या गाडीस ज्याचा सुटा भाग बीडांतच मिळतो तें यंत्र, दूर शहराहून मागवावा लागणाऱ्या उत्तम यंत्रापेक्षां रोग्यास अधिक उपयोगी.

वापरलेली गाडी घ्यावयाचें त्यांच्या मनांत आलें, तर आणखी एक गोष्ट. पेट्रोलांत आतां २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि त्यांतील कांहीं भाग आमच्या शिवारांतल्यासारख्या उंसापासूनच होतो. अशा इंधनास जुळणाऱ्या गाड्या एप्रिल २०२३ पासून निघूं लागल्या. त्यापूर्वींच्या कित्येकांचे रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागण्याचा संभव आहे. म्हणून सौदा करण्यापूर्वीं गाडी कोणत्या महिन्यांत तयार झाली तें पाहून घ्यावें, आणि तिच्या पुस्तकांतील इंधनाचें पान मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें.