हुकलेला काळा बॉल

एप्रिल 1985. शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात मध्यरात्र उलटून गेली होती. जागतिक स्नूकर स्पर्धेची अंतिम लढत 17-17 अशी बरोबरीत होती. शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव, तासाहून जास्त वेळ चालली होती आणि पांढरा सोडला तर टेबलावर एकच बॉल उरला होता, काळा. स्टीव्ह डेव्हिस 62-59 असा पुढे होता. जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, या लढतीतल्या पहिल्या आठही फ्रेम जिंकलेला. त्याने काळा पातळ कापायला घेतला आणि तो जरा जास्तच कापला गेला. बॉल पॉकेट सोडून निघून गेला. मग डेनिस टेलर खुर्चीतून उठला, त्याने तोच काळा पॉकेटात घातला आणि क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो उभा राहिला. बीबीसी टूवर त्या रात्री 1 कोटी 85 लाख लोक जागे होते.

टेलरच्या विजयाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. माझं लक्ष डेव्हिसच्या हुकण्यावर आहे. चाळीस वर्षं झाली, त्या फटक्याची चित्रफीत आजही पुन्हा पुन्हा पाहिली जाते आणि पाहणाऱ्याच्या मनात एकदाही शंका येत नाही, की हा मुद्दाम तर हुकला नसेल? ती चूक निखळ होती. स्नूकरचं सगळं वैभव या निखळपणावर उभं आहे आणि त्याची पडझडही तिथूनच सुरू झाली, हे मला इथे मांडायचं आहे. त्याआधी दोन मतांचा समाचार घ्यायला हवा, कारण स्नूकरविषयी कुठेही बोलणं निघालं की ती हमखास पुढे येतात.

पहिलं मत असं, की स्नूकर संथ आहे, आजच्या माणसाला तेवढा धीर नाही, म्हणून तो मागे पडला. ऐकायला हे पटतं. पण 1985 मधले ते पावणेदोन कोटींहून जास्त लोक काय वेगासाठी जागले होते? त्या एका फ्रेमला 68 मिनिटं लागली. त्याच्या दोन वर्षं आधी क्रूसिबलमध्ये क्लिफ थॉर्बर्न आणि टेरी ग्रिफिथ्स यांची लढत पहाटे 3 वाजून 51 मिनिटांनी संपली होती. थॉर्बर्नच्या संथपणामुळे त्याला टोपणनावच मिळालं होतं ‘द ग्राइंडर’, म्हणजे दळत बसणारा. तरीही लोक पाहत होते.

उलट खेळ पुढे वेगवानच होत गेला. रॉनी ओसलिव्हनने 1997 मध्ये 147 चा पूर्ण ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण, पाच मिनिटं आणि काही सेकंदांत उरकला. पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा, मग सहा रंग, आणि घड्याळात सहा मिनिटंही पूर्ण झाली नाहीत. 2013-14 च्या एका मोसमात नील रॉबर्टसनने शंभर किंवा अधिक गुणांचे 103 ब्रेक रचले. डेव्हिसच्या काळी हे कोणी स्वप्नातही पाहिलं नसतं. एक फ्रेम दहा मिनिटांत संपवायची आणि प्रत्येक फटक्याला घड्याळ लावायचं, अशी ‘शूट आउट’ स्पर्धा तर 2017 पासून मानांकनालाही धरली जाते. संथपणा हाच रोग असता, तर एवढ्या औषधानंतर रोगी उठून चालायला लागला असता.

प्रेक्षक घटले हे खरं आहे. पण 1985 मध्ये ब्रिटनमध्ये टीव्हीच्या वाहिन्या होत्या अवघ्या चार. त्या काळच्या कुठल्याही कार्यक्रमाचे आकडे आज तसे राहिलेले नाहीत. तो दोष स्नूकरच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

आणि हा खेळ एकदा खरोखरच मेला होता, हेही लोक विसरतात. 1927 मध्ये जो डेव्हिसने पहिली जागतिक स्पर्धा जिंकली तेव्हा त्याला साडेसहा पौंड मिळाले होते. पुढे 1946 पर्यंत या स्पर्धेत त्याला कोणी हरवू शकलं नाही. त्यानंतर गर्दी ओसरत गेली आणि 1958 ते 1963 या काळात जागतिक स्पर्धा भरलीच नाही. तेव्हा ना मोबाइल होता, ना लोकांना घाई होती. मग खेळ परत कसा आला? रंगीत टीव्हीमुळे. बीबीसी टूला रंग दाखवणारा स्वस्तातला कार्यक्रम हवा होता आणि 1969 मध्ये ‘पॉट ब्लॅक’ सुरू झाला. त्यात लढत एकाच फ्रेमची असे, हे मान्य. पण त्या एका घासाने लोकांना जी चव लागली, तिनेच पुढे त्यांना दोन दोन दिवसांच्या, 35 फ्रेमच्या अंतिम लढतींसमोर बसवलं. खेळ घराघरांत दिसायला लागला, एवढंच झालं होतं.

दिसतं म्हणजे काय, तर सगळंच दिसतं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद हिरवं टेबल आणि त्यावर बावीस बॉल. लपवण्यासारखं काहीच नाही. क्रिकेटमध्ये चेंडू आत वळला की बाहेर, यावर घरातले चार जण भांडतात. इथे आजीलाही कळतं, की निळा सरळ आहे आणि गुलाबी अडकला आहे. एक खेळत असतो तेव्हा दुसरा खुर्चीत बसलेला असतो, हातात पाण्याचा ग्लास घेऊन. तो काहीही करू शकत नाही. टेनिसमध्ये चेंडू निदान आपल्याकडे येतो तरी, इथे समोरचा चुकेपर्यंत आपली पाळीच नाही. हे बसणं पाहवत नाही आणि त्यावरून नजरही हटत नाही. स्नूकरची गोडी या वाट पाहण्यात आहे. समोरचा हुकेल का, कधी हुकेल, हुकल्यावर मला जमेल का, एवढ्यावर अख्खी रात्र जाते.

म्हणून दुसऱ्या मताचं खंडन मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते मत असं: सट्टेबाजीच्या कंपन्यांनी स्नूकर जगवला, त्यांच्याशिवाय तो केव्हाच संपला असता. हे मत मांडणारे अडाणी नाहीत. त्यांच्या हातात पुरावा आहे आणि तो मी नाकारत नाही. 1976 पासून जागतिक स्पर्धा एम्बसी सिगारेटच्या पैशावर चालत होती. ब्रिटनमध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली आणि 2005 नंतर तो पैसा थांबला. 2009-10 च्या मोसमात मानांकनाच्या स्पर्धा उरल्या होत्या फक्त सहा. व्यावसायिक खेळाडूला वर्षाकाठी सहा स्पर्धा म्हणजे घरी बसण्याचीच नोकरी. 2010 मध्ये बॅरी हर्नने कारभार हाती घेतला, स्पर्धांची संख्या काही पटींनी वाढवली आणि त्या काळात स्पर्धांच्या नावापुढे पाटी लागायची ती बहुतेक वेळा एखाद्या बेटिंग कंपनीची. टेबलं पुन्हा मांडली गेली, पंच कामाला लागले, नवीन मुलांना दौऱ्यावर जागा मिळाली. हे उपकार खरे आहेत.

पण त्या पैशाची किंमत कोणी मोजली?

सट्टा म्हणून स्नूकरकडे पाहा. कोण जिंकणार, किती फ्रेमच्या फरकाने, शतकी ब्रेक होणार का, या सगळ्यावर भाव लागतो. फुटबॉलचा सामना विकायचा तर अकरातले निदान तीन-चार जण फोडावे लागतात. इथे एकच माणूस पुरतो. आणि त्याला करायचं असतं काय? केसभर हुकायचं. नेम केसाएवढा ढळला तरी बारा फुटांच्या टेबलावर बॉल पॉकेटच्या तोंडाशी अडतो आणि पाहणारा हळहळतो. खरी चूक आणि विकलेली चूक यांत डोळ्यांना दिसेल असा काहीही फरक नसतो. जगातला उत्तम पंचही तो ओळखू शकणार नाही. ज्या चुकीसाठी आपण रात्रभर जागतो, तीच चूक इथे बाजारात विकायला सर्वांत सोपी आहे.

आणि ती विकली गेली. पीटर फ्रान्सिस्को 1995 मध्ये क्रूसिबलवर 2-10 असा हरला आणि त्या लढतीतल्या वर्तनासाठी त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. क्विंटन हानवर 2006 मध्ये आठ वर्षांची. स्टीफन ली हा जगातल्या पहिल्या पाचांत पोहोचलेला खेळाडू. त्याचा हात इतका सुरेख चालायचा की त्याचं खेळणं बघत राहावंसं वाटायचं. 2013 मध्ये त्याच्यावर बारा वर्षांची बंदी घातली गेली. मग 2023 उजाडलं आणि एकाच वेळी दहा चिनी खेळाडूंना शिक्षा झाली. लियांग वेनबो आणि ली हांग यांच्यावर आजन्म बंदी आली. यान बिंगताओ हा 2021 चा मास्टर्स विजेता, वय पुरतं पंचवीसही नाही; त्याची पाच वर्षं गेली.

यावर सट्ट्याचे समर्थक म्हणतात, की पाहा, संशयास्पद पैसा कुठे लागला हे बेटिंग कंपन्यांच्या नोंदींमुळेच तर उघड झालं. बाजार कायदेशीर आहे म्हणून चोर सापडतो. यातही तथ्य आहे, नोंदींचा उपयोग होतो. पण चोर पकडला म्हणून पहारेकऱ्याला शाबासकी देताना दार कोणी उघडं ठेवलं होतं, हे विचारायचंच नाही का? पकडलेल्यांत कोवळी मुलं होती. घर हजारो मैलांवर, मुक्काम शेफील्डमध्ये, कोविडमुळे चीनमधल्या स्पर्धा बंद पडलेल्या. अनेक स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलेल्याला एक पौंडही मिळत नसे. प्रवास, राहणं, सरावाच्या टेबलाचं भाडं, सगळं आपल्या खिशातून. त्याच मुलाच्या एका हरण्यावर कुठे तरी कोणी तरी त्याच्या महिन्याच्या खर्चाच्या कित्येक पट रक्कम लावत असतं. दौऱ्यावरच्या प्रत्येक खेळाडूला मोसमाला 20,000 पौंडांची हमी मिळाली ती 2022-23 मध्ये. हे आधी सुचलं असतं तर? त्या दहापैकी किती जण वाचले असते ते सांगता येत नाही, पण एखाद-दुसरा वाचला असता असं मला मनापासून वाटतं.

‘त्यांच्याशिवाय चालणार नाही’ हे तर घडलेल्या गोष्टीच खोटं ठरवतात. 2023 आणि 2024 मध्ये जागतिक स्पर्धेच्या नावापुढे गाड्या विकणारी कंपनी होती, 2025 मध्ये सॉफ्टवेअरची. क्रूसिबलमधली एक खुर्चीही हलली नाही. आणि 2025 मध्ये जिंकला कोण? झाओ शिनतोंग. दहांपैकी एक. त्याने स्वतः लढत विकली नव्हती; पण दुसऱ्याच्या फिक्सिंगमध्ये तो सामील होता, त्याने पैज लावली होती आणि त्यापायी वीस महिने तो बाहेर होता. परतला तो हौशी खेळाडू म्हणून. चार पात्रता फेऱ्या खेळून क्रूसिबलला आला, उपांत्य लढतीत ओसलिव्हनला 17-7 आणि अंतिम लढतीत पन्नाशीच्या मार्क विल्यम्सला 18-12 हरवून आशियातला पहिला जागतिक विजेता ठरला. त्याची लांब पल्ल्याची पॉटिंग पाहून जीव हरखतो. त्याने शिक्षा भोगली आहे आणि त्या विजयावर त्याचा पूर्ण हक्क आहे. पण पुढे केव्हा त्याच्या हातून सोपा बॉल सुटला, की जगभरातल्या हजारो डोळ्यांत क्षणभर ती शंका चमकणार. सट्ट्याने लावलेला दंड हा असा. तो कुठल्याच निकालपत्रात छापला जात नाही आणि वीस महिन्यांत फिटतही नाही.

आपल्याकडे हा खेळ परका नाही. पावसाळ्यात अडकलेल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1875 मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल मांडले आणि खेळ जन्माला आला. त्याचे नियम उटीच्या क्लबात आकाराला आले. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं, तेव्हा कुठल्याही वैयक्तिक खेळातला तो पहिला भारतीय जगज्जेता होता. मुंबईच्या यासीन मर्चंटने 1989 आणि 2001 अशी दोनदा आशियाई स्नूकर स्पर्धा जिंकली. 2015 मध्ये इंडियन ओपन मुंबईत भरली होती. ही नावं इथे एवढ्यासाठी घेतली, की हे खेळाडू सट्ट्याच्या पैशावर वाढलेले नाहीत. ते वाढले टेबलांपाशी, जिमखान्यांत आणि क्लबांत. तिथे मार्कर गुण मांडायचा, रोज कापडावर ब्रश आणि इस्त्री फिरवायचा आणि मुलाचा हात पाहून त्याला शिकवायचा. ती टेबलं कमी झाली की खेळ कमी होतो. खरी झीज तिथे आहे, आणि पैसा ओतायचा तर तो तिथे ओतायला हवा.

एक आक्षेप उरतो. आमच्याच स्नूकर पार्लरांत ‘हरेल तो टेबलाचे पैसे देईल’ ही रीत नाही का, तोही सट्टाच की! नाही. तिथे हरण्यातून कोणालाही कमाई होत नाही. हरणारा देतो, तेही स्वतःच्या खेळाचे आणि स्वतःच्या खिशातून. सट्ट्यात मात्र खेळणाऱ्याला हरून श्रीमंत होता येतं. दोन्हींत पैसा आहे, म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत.

पुण्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तीन टेबलांचं पार्लर होतं. जुलैतली संध्याकाळ होती. हवेतल्या ओलाव्याने कापड जड झालं होतं, बॉल मध्येच थांबायचे. कॉलेजातली दोन मुलं खेळत होती. एक चार गुणांनी मागे, टेबलावर फक्त काळा, आणि तोही मधल्या पॉकेटला जवळजवळ सरळ. तो वाकला, क्यू दोनदा मागे-पुढे केला आणि अचानक सरळ उभा राहिला. समोरचा मोबाइलवर काही तरी पाहत होता, मार्करकाका पलीकडच्या टेबलावर ब्रश फिरवत होते. मी खुर्चीतून टेबलाकडेच बघत होतो आणि मलाही काही दिसलं नव्हतं.

“फाउल,” तो म्हणाला. “बाही लागली काळ्याला.”

शेवटच्या काळ्यावर फाउल म्हणजे सात गुण समोरच्याला आणि फ्रेम तिथेच संपली. मार्करकाकांनी मान वर न करताच पाटीवरचा काटा सरकवला. मुलाने क्यू भिंतीच्या स्टँडमध्ये ठेवला, खिशातून दहा-दहाच्या नोटा काढल्या आणि त्या मोजत तो काउंटरकडे गेला.