यजमान कोण?

शिक्षणासाठी घर सोडण्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. निरोपाचे प्रसंग आहेत, बोटीचे आणि विमानाचे प्रवास आहेत, परक्या गावातली पहिली रात्र आहे. घरी धाडलेली पत्रे तर आहेतच. परतण्याविषयीही लिहिले गेले आहे. शिकून आलेला मुलगा घरच्यांना परका कसा वाटू लागतो, हा आपल्या कथा-कादंबऱ्यांचा जुना विषय आहे. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रसंग असतो. घरची माणसे शिकणाऱ्याला भेटायला येतात, त्याच्याकडे चार दिवस राहतात, आणि तेवढ्या काळापुरता शिकणारा यजमान होतो व वडीलधारी माणसे पाहुणे होतात. या प्रसंगाकडे आपल्या लेखकांचे लक्ष क्वचित गेले, आणि समीक्षकांचे त्याहून क्वचित. आमचे म्हणणे असे की, शिक्षणाने माणसाला काय दिले हे या प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके पदवीदानातही दिसत नाही. आपल्या माणसांना 'या, बसा' म्हणण्याइतकी जागा जिथे शिकणाऱ्याला मिळाली, तिथे तो राहिला असे म्हणता येते. ती मिळाली नाही, तर तिथे कितीही वर्षे काढली तरी तो स्वतः पाहुणाच.

या विषयाला आपल्या भाषेने एक सोय करून ठेवली आहे. 'यजमान' हा मूळचा यज्ञाचा शब्द. जो स्वतःसाठी यज्ञ करवून घेतो, तो यजमान. मराठीत त्याचे दोन अर्थ रुळले. पाहुण्याला घरात घेणारा तो यजमान, आणि बाईचा नवरा तोही यजमान. 'पाहुणा' हा शब्द मात्र संस्कृतातील 'प्राघूर्ण' या शब्दापासून, म्हणजे हिंडत-फिरत येणाऱ्यापासून आलेला. एकाकडे स्थिर चूल आहे, दुसऱ्याकडे नाही, एवढाच या दोन शब्दांतला मूळचा फरक. 'यजमान' शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात उभे राहिले, असा एक प्रसंग मराठी समाजाच्या इतिहासात घडून गेला आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई, १८८३ साली वयाच्या अठराव्या वर्षी एकटी अमेरिकेला गेली. न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले, आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती देऊन तिला दाखल करून घेतले. म्हणजे आरंभी ती सर्वार्थाने दुसऱ्यांची पाहुणी होती. तरीही रोझेलला असताना तिने कार्पेंटरबाईंच्या परिचितांना आपल्या पद्धतीचे जेवण स्वतः रांधून वाढले, अशी हकीकत सांगितली जाते. फिलाडेल्फियातही ती आपले शाकाहारी अन्न स्वतः शिजवीत असे. या गोष्टीकडे आपण सहसा धर्मनिष्ठेचा पुरावा म्हणून पाहतो. आम्हांस ती यजमानपणाची पूर्वतयारी वाटते. ज्याची स्वतःची चूल पेटते, त्यालाच दुसऱ्याला वाढता येते.

१८८५ मध्ये गोपाळराव अमेरिकेत येऊन पोहोचले. ज्या माणसाने तिला मारून-मुटकून शिकविले, जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे नेले आणि शेवटी बोटीत बसवून दिले, तो माणूस आता तिच्या गावात पाहुणा म्हणून आला. त्या गावातले रस्ते तिला माहीत होते, माणसे तिच्या परिचयाची होती, आणि तिथल्या घरांची दारे गोपाळरावांसाठी उघडली ती तिच्या ओळखीने. तिचा 'यजमान' तिचा पाहुणा झाला आणि ती यजमान झाली. हा बदल सुखाचा नव्हता. गोपाळरावांनी तिथे जाहीर व्याख्याने दिली, त्यांत अमेरिकी समाजावर व मिशनऱ्यांवर कठोर टीका केली, आणि ज्यांच्या आधाराने ती शिकत होती त्यांच्यात तिला अवघडून राहावे लागले. पाहुण्याच्या बोलण्याची भरपाई यजमानाला करावी लागते, हा अनुभव परगावी शिकणाऱ्या प्रत्येकाला थोडाफार असतो. आनंदीबाईला तो बिघडत्या प्रकृतीसह आणि अंतिम परीक्षेच्या तोंडावर घ्यावा लागला.

मार्च १८८६ मध्ये दुसरी पाहुणी आली. पंडिता रमाबाई या आनंदीबाईच्या नात्यातल्या. महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांच्या निमंत्रणावरून त्या इंग्लंडहून पदवीदान समारंभासाठी आल्या, सोबत पाचव्या वर्षात असलेली मुलगी मनोरमा. रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आनंदीबाईने धर्म सोडणार नाही असे जाहीर सांगून देश सोडला होता. मायदेशी या दोघींची पंगत एकत्र बसली असती की नाही, कोण जाणे. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाली तेव्हा तिच्या घरची म्हणता येतील अशी ही माणसे सभागृहात होती. पाहुणी म्हणून आलेल्या रमाबाई पुढे १८८८ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या, तिथे मित्र आणि निधी मिळविला, आणि मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले. समारंभाला बरोबर तीन वर्षे झाली होती. तोवर त्यांची यजमान या जगात नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली होती.

हे सारे तपशील परिचित आहेत. कॅरोलाइन डॉल यांचे १८८८ चे इंग्रजी चरित्र, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ ची कादंबरी, यांमुळे ही कथा घरोघर पोहोचली आहे. पण आपण ती वाचतो कशी? गोपाळराव हट्टी शिक्षक, आनंदीबाई सोसणारी विद्यार्थिनी, या जोडीवर आपले लक्ष इतके खिळलेले असते की फिलाडेल्फियातले शेवटचे वर्ष आपल्याला केवळ विजयाचा आणि मृत्यूच्या चाहुलीचा शेवट वाटतो. त्या वर्षात सत्तेची अदलाबदल झाली होती, काही महिने का होईना घर तिचे होते, ही गोष्ट निसटते. वर्गात ही कथा शिकविताना 'त्या वर्षी यजमान कोण होते?' एवढा प्रश्न विचारला तरी चर्चेला वेगळे वळण लागेल, असा आमचा विश्वास आहे.

आज परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींकडे आईवडील जातात ते विमानाने आणि परतीचे तिकीट काढून. सालामांका किंवा ग्रानादासारख्या स्पॅनिश शहरात एखादी मुलगी चौघांच्या सदनिकेत एक खोली घेऊन राहत असते. आईवडील तिच्याकडे उतरणार असतील तर स्पेनचे प्रशासन यजमानाकडून पोलिसांमार्फत मिळणारे निमंत्रणपत्र मागू शकते. कोण येणार, कुठे राहणार, किती दिवस, हे यजमानाने लिहून द्यायचे असते. या कागदाचा कंटाळा सर्वांनाच येतो. आम्हांस मात्र त्यात एक अर्थ दिसतो: एका परक्या राज्याने मुलीला विचारले की, या माणसांची यजमान तू का? आणि तिने सही केली. पुढे रात्री नऊ-दहाला जेवणाऱ्या गावात सातला भूक लागणारे वडील, सामायिक ओट्यावर फोडणी देताना शेजारच्या खोलीतल्यांचा विचार करणारी आई, दुकानात दोघांच्या वतीने बोलणारी मुलगी, हे सर्व ओघाने येते. ज्यांनी तिला बोट धरून रस्ता ओलांडायला शिकविले, ते आता तिच्या मागून रस्ता ओलांडतात. या चार-सहा आठवड्यांत वडीलधाऱ्यांना लेकीच्या शिक्षणाचा जो प्रत्यय येतो, तो गुणपत्रिकेने येत नाही.

पण परगावी शिकणे म्हणजे परदेशी शिकणे, हे समीकरण आपण उगाच गृहीत धरतो. आनंदीबाईच्या कल्याणहून निघालेला लोहमार्ग कर्जतला जातो आणि तिथून बोरघाट चढू लागतो. पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही त्या घाटातली नावे मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना खिडकीतून वाचून पाठ झालेली असतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. जिथे ठाकर समाजाची घरे, ती ठाकुरवाडी. या वाड्यांतली पुष्कळ मुले सहा-सात वर्षांच्या वयात घर सोडून शिकायला जातात. ती आश्रमशाळेत जातात. महाराष्ट्रात १९७२-७३ पासून आश्रमशाळांची योजना विस्तारत गेली; रायगडातल्या शासकीय आश्रमशाळा पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखाली येतात. राहणे, जेवण, गणवेश, वह्या-पुस्तके शासनाची. अंतर मोजले तर काही कोसांचे. भाषा, वेळापत्रक, अन्न आणि शिस्त यांचे अंतर मोजले, तर सालामांका त्या मानाने जवळ वाटावे.

या मुलांना भेटायला घरची माणसे येतात. बाजाराला निघालेली आई वाट वाकडी करून येते, पदरात करवंदे किंवा जांभळे घेऊन येते. मुलगा धावत येतो. पण पुढे काय? वसतिगृहाच्या खोलीत तिला नेता येत नाही, भोजनगृहात तिचे ताट नसते, पाण्याचा पेलाही त्याच्या हातचा नसतो. दोघे आवारात उभी राहतात, किंवा झाडाखाली टेकतात. आई आणलेले देते, म्हणजे इथेही देणारी तीच. मुलाने तिला द्यावे असे त्याच्याकडे काही नसते. शिवाय ती ठाकरी बोलते, आणि दोन वर्षांत पुस्तकी मराठीला सरावलेला मुलगा मित्रांसमोर चुळबुळतो. वाडीवर हाच मुलगा दारी आलेल्या माणसाला तांब्या भरून देतो. वाडीवर तो यजमान आहे. शाळेत लाभार्थी आहे. लाभार्थी हा शब्द सरकारी कागदांत सहज येतो, पण ज्याच्या वाट्याला फक्त घेणेच येते, तो पाहुणचार करू शकत नाही. मराठीत 'सरकारी पाहुणचार' म्हटले की लोक कशाला हसतात हे सांगायला नको. निदान शाळेला तरी तो शब्द लागू पडू नये.

हा प्रश्न भावनेपुरता नाही, हे खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीने दाखविले. इर्शाळगडाच्या कुशीतल्या या ठाकर वस्तीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले. त्या रात्री निवासी शाळांत असल्यामुळे वाडीतली काही मुले वाचली. शाळेचे छप्पर तेव्हा अक्षरशः जीव वाचविणारे ठरले, आणि आश्रमशाळांवर टीका करताना हे विसरता कामा नये. पण ज्याच्या घराच्या जागी चिखल आणि दगड उरले, त्या मुलाच्या दृष्टीने विचार करू. त्याला भेटायला मामा आला, तर तो मामाला कुठे बसविणार? सुट्टीत तो नातेवाइकाकडे जाईल, तिथेही पाहुणाच. त्याच्यापाशी उरलेले एकच ठिकाण शाळा, आणि तिथे त्याला कोणाला 'या' म्हणता येत नसेल, तर त्याला घर उरले नाही असेच म्हणावे लागेल.

यावर आक्षेप येतील. शेकडो मुलांच्या पालकांना जेवू घालणे शाळेला परवडणारे नाही, सुरक्षेचे प्रश्न आहेत, हे खरे. पाहुणचार हे ओझेही असते, विशेषतः मुलींवर ते अधिक पडते, हेही खरे. आनंदीबाईने ते आजारपणात वाहिले. म्हणून शिकणाऱ्यावर यजमानपण लादावे असे आम्ही म्हणत नाही. त्याला ते करता यावे, एवढेच म्हणतो. त्यासाठी फार लागत नाही: बसायला एक पडवी, महिन्यातून एका दिवशी मुलाच्या हातून पालकाला मिळणारा चहा, आणि त्या दिवशी आवारात ठाकरी बोलली तर कोणी हसणार नाही अशी शिक्षकांनी घेतलेली काळजी. यांतले पहिले शासनाने करायचे, दुसरे शाळेने. तिसरे तर आपल्यापैकी कोणीही शिक्षक उद्या करू शकतो.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी एक काम उरते. १९८० च्या 'उपरा'पासून शिक्षणाने घडलेल्या आणि तोडलेल्या माणसांची आत्मकथने आपण वर्गात वाचतो. त्यांत वसतिगृह असते, उपास असतो, मार असतो, गुणवत्ता असते. यापुढे प्रत्येक आत्मकथनाला आणखी एक प्रश्न विचारावा: घरची माणसे भेटायला आली, तेव्हा ती कुठे बसली, कोणी पाणी दिले, कोणती भाषा बोलली गेली? उत्तर मजकुरात सापडले तर त्याभोवतीचे प्रकरण पुन्हा वाचावे. सापडले नाही तर ते का सापडत नाही, यावर विद्यार्थ्यांनी लिहावे. आणि ठाकुरवाडीतून आलेली एखादी मुलगी उद्या आपल्या वर्गात बसली असेल, तर हा प्रश्न तिला पुस्तकाविषयी विचारण्याआधी तिच्या आईला बसायला आपल्या महाविद्यालयात खुर्ची आहे का, ते पाहून घ्यावे.