मंगळावरचे कालवे : कल्पनेचे तीन व्यवहार

विज्ञानसाहित्याची आपल्याकडील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : या कथेतील विज्ञान बरोबर आहे काय? चर्चासत्रांतील निबंधांत आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हा प्रश्न इतक्या सहजपणे येतो, की त्यामागील गृहीत तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. विज्ञान म्हणजे तथ्य, साहित्य म्हणजे कल्पना आणि विज्ञानकथा म्हणजे या दोहोंचे कमी-अधिक प्रमाणातील मिश्रण, असे ते गृहीत आहे. ते मला मान्य नाही. कल्पना दोहोंकडे आहे. फरक आहे तो त्या कल्पनेने पत्करलेल्या जबाबदारीत. मंगळ या शेजारी ग्रहाचा इतिहास हा फरक स्पष्ट करण्यास विशेष उपयोगी पडतो. कारण शास्त्रज्ञ, कादंबरीकार आणि ज्योतिषी या तिघांनीही त्याच्याविषयी भरपूर कल्पना केल्या आहेत.

प्रारंभ केप्लरपासून करता येईल. टायको ब्राहे याच्या निरीक्षणांच्या आधारे मंगळाची कक्षा निश्चित करण्याचे काम त्याने हाती घेतले. वर्तुळावर आधारलेली एक मांडणी अपार कष्टांनी सिद्धही केली. परंतु काही ठिकाणी ती निरीक्षणाशी ८ कलांनी जुळेना. पूर्ण चंद्रबिंबाच्या जवळजवळ चतुर्थांशाएवढे हे अंतर. ते दुर्लक्षिणे शक्य होते. केप्लरने ते दुर्लक्षिले नाही. मांडणी टाकून दिली आणि अखेरीस लंबवर्तुळापाशी येऊन १६०९ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. याच केप्लरने चंद्रावरील प्रवासाची 'सोम्नियम' ही स्वप्नकथाही लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ मध्ये छापली गेली. एकाच मनाने एका कल्पनेला ८ कलांसाठी शिक्षा केली आणि दुसरीला मोकळे सोडले. यात विसंगती नाही. दोन्ही कल्पनांशी केलेले करारच वेगळे होते.

यानंतरचा महत्त्वाचा प्रसंग तर सर्वस्वी भाषेचा आहे. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता मिलान येथील खगोलशास्त्रज्ञ जोव्हानी स्क्यापारेल्ली याने त्याच्या पृष्ठभागावर काही रेषा पाहिल्या आणि त्यांना 'कानाली' हा शब्द योजला. इटालियन भाषेत हा शब्द निसर्गनिर्मित प्रवाहमार्गालाही लागतो आणि माणसाने खोदलेल्या कालव्यालाही. इंग्रजीत मात्र यांसाठी दोन शब्द आहेत आणि रूढ झाला तो कृत्रिम कालव्याचा शब्द. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता; कालवा हा त्या काळी मानवी कर्तृत्वाचा ठळक पुरावा होता. मराठी वाचकास या भाषांतराचे गांभीर्य चटकन कळेल. 'ओहोळ' म्हटले की डोळ्यांपुढे पाऊस आणि उतार येतात; 'कालवा' म्हटले की खोदणारा आला, त्याची गरज आली, पाणी वाटून देणारी व्यवस्था आली. एका शब्दाच्या निवडीने निर्जन ग्रहावर वस्ती झाली.

ही वस्ती पर्सिव्हल लोवेलने पद्धतशीरपणे वसवली. १८९४ मध्ये अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे त्याने वेधशाळा उभारली. मंगळ शुष्क होत चालला असून तेथील बुद्धिमान रहिवाशांनी ध्रुवप्रदेशातील बर्फाचे पाणी खाली आणण्यासाठी कालव्यांचे जाळे विणले आहे, असे प्रतिपादन त्याने १८९५ पासून एकामागून एक ग्रंथांत केले. १८९८ मध्ये एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी ग्रंथरूपाने आली. मंगळ हे म्हातारे होत चाललेले जग, ही कल्पना त्यांनीही स्वीकारली. पण तिचा उपयोग अगदी निराळा केला. मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात आणि साम्राज्याच्या राजधानीभोवतीच्या प्रजेवर पराभूतांची पाळी येते. युरोपीयांनी टास्मानियातील लोकांचा जो संहार केला, त्याची आठवण निवेदक आरंभीच करून देतो. लोवेलचा मंगळ आकाशात होता; वेल्स यांचा मंगळ हा ब्रिटिश वाचकापुढे धरलेला आरसा होता.

पुढे लोवेलची कल्पना ज्या रीतीने कोसळली, ती साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. १९०३ मध्ये मॉन्डर आणि इव्हान्स यांनी ग्रिनिच येथील शाळकरी मुलांना दूरवरून काही वर्तुळाकार चित्रे दाखवून त्यांची नक्कल करावयास सांगितले. चित्रांत तुटक ठिपके व अस्पष्ट खुणा होत्या. कित्येक मुलांनी तेथे सरळ रेषा काढल्या. १९०९ मध्ये अँतोनियादी याने पॅरिसजवळील म्यूदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा तथाकथित कालवे विस्कळीत ठिपक्यांत विरून गेले. डोळा सुटे बिंदू जोडतो आणि जोडलेली रेषा बाहेरच आहे असे समजतो. संहितेतील मोकळ्या जागा वाचक भरून काढतो, हे वोल्फगांग इझरचे प्रतिपादन आपण वर्गात शिकवतो. त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. भेद इतकाच, की कादंबरीच्या वाचकास ही मोकळीक आहे आणि निरीक्षकास ती नाही. त्याने भरलेली जागा दुसऱ्या निरीक्षकाने तपासावयाची असते.

जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या मोजक्या छायाचित्रांत विवरे दिसली. कालवे दिसले नाहीत. लोवेलच्या ग्रंथांचे शास्त्रीय मूल्य तत्पूर्वीच संपले होते; आता शंकेलाही जागा उरली नाही. परंतु वेल्स यांच्या कादंबरीतील एकही पान त्या दिवशी खोटे ठरले नाही. विज्ञानकथेतील विज्ञान बरोबर असणे हाच निकष असता, तर १९६५ नंतर ती कादंबरी वाचनीय राहिली नसती. उलट तिने विज्ञानालाही काही दिले. ती वाचलेला रॉबर्ट गोडार्ड हा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा १८९९ च्या ऑक्टोबरात चेरीच्या झाडावर चढला असता मंगळापर्यंत जाणारे साधन बनवता आले तर, या विचाराने भारून गेला. द्रवरूप इंधनावरील पहिले अग्निबाण-उड्डाण त्यानेच १९२६ मध्ये घडवून आणले. असत्य म्हणून नव्हे, तर कथा म्हणून सांगितलेल्या गोष्टीने प्रयोगशाळेची वाट दाखवली.

येथवर कल्पनेचे दोन व्यवहार दिसले. एक वस्तुस्थितीवर दावा सांगतो आणि तपासणीस हजर राहतो. दुसरा असा दावाच सांगत नाही. त्याची सत्यता माणसाच्या अनुभवात शोधावी लागते. तिसरा व्यवहार आपल्या घरातला आहे. आपल्या परंपरेने या तांबूस ग्रहास अंगारक म्हटले, लोहितांग म्हटले. भूमीचा पुत्र म्हणून भौम आणि कुज म्हटले. पृथ्वीशी त्याचे रक्ताचे नाते जोडणारी ही कल्पना काव्यदृष्ट्या श्रेष्ठ आहे. ज्याला क्रूर मानले त्यालाच 'मंगल' म्हणणे हेही, दिवा 'मालवणाऱ्या' आणि बांगडी 'वाढवणाऱ्या' भाषेला साजेसेच वाटते. पण हीच कल्पना पत्रिकेतील पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या वा बाराव्या स्थानी जाऊन बसते, तेव्हा तिचे रूप पालटते. ती मुलीच्या विवाहावर निर्णय देते. दावा वस्तुस्थितीचा करते; तपासणी मागितली की श्रद्धेचा आश्रय घेते. केप्लरची ८ कलांची शिस्त तिला नको असते आणि वेल्स यांची 'ही कथा आहे' अशी कबुलीही नको असते. तिची किंमत मात्र कोणा तिसऱ्याच व्यक्तीला मोजावी लागते.

हे तीन व्यवहार म्हणजे तीन व्यवसाय नव्हेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. विरुद्ध पुरावे साठत गेले तरी १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत लोवेल आपल्या कालव्यांना चिकटून राहिला. वेधशाळेत बसूनही तो तिसऱ्या व्यवहाराकडे सरकला होता. म्हणून विज्ञान श्रेष्ठ की कल्पना श्रेष्ठ, हा वाद मला निष्फळ वाटतो. कल्पना कोणता दावा करते, कोणास उत्तरदायी राहते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे विचारले पाहिजे. विज्ञानकथा शिकवताना हे तीन प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर कथेतील सूत्रे पडताळण्यात जाणारा वेळ कथा वाचण्यात जाईल. शिवाय वर्गात बसलेल्या ज्या मुलींच्या घरी सध्या पत्रिका पाहिल्या जात आहेत, त्यांच्या हाती एक उपयोगी साधन पडेल. साहित्याच्या अभ्यासाने रूपक ओळखावयास शिकवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. मानगुटीवर बसलेले रूपक ओळखणे हाही त्याच अभ्यासाचा भाग आहे.

स्क्यापारेल्लीच्या शब्दाची कथा १९६५ मध्ये संपली नाही. १९७१ मध्ये मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याच्या छायाचित्रांत प्राचीन काळी पाणी वाहिल्याच्या खुणा असलेली कोरडी पात्रे आढळली. ती स्क्यापारेल्लीने रेखलेल्या जागी नव्हती आणि कोणी खोदलेली नव्हती. पण 'कानाली'चा जो अर्थ भाषांतरात गळाला होता, तो मंगळावर खरोखरच होता. या मोठ्या पात्रांना निरनिराळ्या भाषांतील मंगळवाचक नावे देण्याचा प्रघात आहे. त्यांतील एका पात्रसमूहाचे नाव आहे 'मंगल'. भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्या ग्रहाच्या कक्षेत पोहोचले, त्याच्या कितीतरी आधी आपला शब्द तेथे पोहोचला होता. तेथे तो कोणाचेही लग्न मोडत नाही. कोरड्या पडलेल्या पात्राची ती केवळ ओळख आहे.