पुल्लिंगी ऊद, स्त्रीलिंगी उदबत्ती

नरकचतुर्दशीची पहाट होती. आमच्या रत्नागिरीच्या घरात उटण्याचा वास दरवळत होता. इतक्यात पुतण्याने मुंबईहून आणलेली बाटली उघडली. काळी, चौकोनी, हातात घेतली तर वजन जाणवावे अशी. वर लिहिले होते 'ऊद' आणि खाली 'केवळ पुरुषांसाठी'. वास मात्र खरोखरच भारदस्त होता. जुनी सागवानी पेटी उघडावी आणि तिच्यातून धूर यावा, तसा. माझ्या वृद्ध आत्याने कौतुकाने मनगट पुढे केले. पुतण्या हसून म्हणाला, "अगं आजी, हे बायकांचं नव्हे!"

आत्याने हात पदराखाली घेतला.

ती १९६३ साली, ऐन बाविशीत विधवा झाली. त्या दिवसापासून गजरा सुटला, अत्तराचा फायाही सुटला. याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या अण्णा कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले होते. मध्ये सत्तर वर्षे गेली, तरी आमच्या घराचे शहाणपण तिथल्या तिथेच! तेव्हा रूढीने हात मागे घ्यायला लावला, आता बाटलीवरच्या चिठ्ठीने.

कोणी म्हणेल, दोन शब्दांवरून एवढे रण कशाला? तर मुळात हा मर्दपणा आला कोठून, तेच पाहू. ऊद म्हणजे आपला अगरू. हे झाड आसामात, ब्रह्मदेशात आणि त्याच्याही पूर्वेला वाढते. निरोगी झाडाचे लाकूड फिकट असते आणि त्याला म्हणण्यासारखा वासही नसतो. झाडाला इजा होते, जखमेत बुरशी शिरते, तेव्हा बचावासाठी झाड काळसर राळ तयार करते. सुगंध असतो तो त्या राळेचा. म्हणजे जी मर्दानी रग म्हणून विकली जाते, ती एका घायाळ झाडाने स्वतःच्या जखमेवर घातलेली मलमपट्टी! तिच्या हव्यासापायी इतकी झाडे तोडली गेली, की १९९५ पासून आसामी अगरूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. खरे तेल तोळ्याच्या मापाने विकले जाते. पुष्कळ बाटल्यांत ऊद नावापुरता आणि वास प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. पुरुषार्थही तसाच उसना!

कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त काळ्या अगरूची धुरी स्त्रियाच केसांना देतात. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला उदाची धुरी देत आले. बाजारातला तो ऊद बहुधा निराळ्या झाडाचा डिंक असतो, पण नाव तेच. म्हणजे या मर्दांनी आयुष्यातला पहिला ऊद हुंगला तो आईच्या कुशीत!

राजिवड्याचे माझे एक मित्र तीस वर्षे कुवेतला होते. ते सांगतात, अरबांच्या घरी पाहुणा आला की निखाऱ्यावर ऊद पडतो आणि त्या धुरावर बायापुरुष दोघेही आपापले कपडे धरतात. जिथे उदाची एवढी मिजास, तिथे ही भिंत नाही. ती उभी केली विकणाऱ्याने. एका घरात दोन बाटल्या खपाव्यात, एवढेच तिच्यामागचे तत्त्वज्ञान. व्याकरणाने ऊद पुल्लिंगी आणि उदबत्ती स्त्रीलिंगी केली खरी, पण देवापुढे धूर एकच चढतो.

मी बाटली उचलली आणि आत्याच्या मनगटावर एक फवारा मारला. तिने डोळे मिटून वास घेतला. "उग्र आहे जरा," ती म्हणाली, "पण बरा आहे." मग दुसरे मनगटही पुढे केले. पुतण्या काही बोलला नाही, पण फराळाचे पहिले ताट त्याने तिच्यापुढे नेऊन ठेवले.

वाचकहो, यंदा भाऊबीजेला अत्तरदाणी फिरवाल, तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा. तिने मागण्याची वाट पाहू नका. एकदा मागे घेतलेला हात ती पुन्हा पुढे करीलच असे नाही.