माळाची विक्री आणि मेंढपाळ

शेतजमिनीच्या खरेदीखतावर विकणारा, घेणारा आणि साक्षीदार यांच्या सह्या होतात. जमीन माळाची असेल, तर त्या व्यवहाराने ज्याचे पोट मारले जावयाचे असते तो मेंढपाळ बहुधा त्या वेळी दुय्यम निबंधकाच्या कचेरीपासून शंभर मैलांवर कोणाच्या तरी शेतात मेंढरे बसवीत असतो. पावसाच्या तोंडावर तो गावी परततो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या चराईच्या रानाला तारेचे कुंपण पडलेले त्याला दिसते. तक्रार करावी तर कोणत्या हक्काने, असा प्रश्न महसूल कचेरीत विचारला जातो. आणि आजच्या महसुली दप्तरात त्याला उत्तर नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, पारनेर या अवर्षणग्रस्त तालुक्यांत मेंढपाळी हा पोटापाण्याचा मुख्य आधार असलेली हजारो कुटुंबे आहेत. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांचे वर्ष दोन प्रकारच्या जमिनींवर निघते. पावसाळ्यात शेते पिकाखाली असतात, म्हणून मेंढरांना माळ आणि गायरान यांवाचून दुसरी जागा नसते. दिवाळीनंतर वाडे घाट उतरून कोकणात किंवा पूर्वेकडे मराठवाड्याच्या दिशेने निघतात आणि कापणी झालेल्या शेतांतील धसकटांवर, बांधांवरच्या पाल्यावर कळप जगतो. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या रात्रभर बसवून घेतो. लेंडीखत आणि मूत्र जमिनीला मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. हा व्यवहार तोंडी असतो, आणि तो शतकानुशतके तोंडीच चालत आला म्हणून कागदावर त्याचा मागमूस नाही.

कागदाचा हा आंधळेपणा जुना आहे. १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली, तिच्यातून या प्रदेशाची रयतवारी आकारणी घडली. जमिनीचे मोल ठरविताना त्या पद्धतीने विचारले ते एवढेच की, या मातीत पीक किती येईल. ज्या भागात नांगर चालत नाही तो ‘पोटखराब’ या सदरात गेला. मेंढपाळाच्या दृष्टीने कुसळी आणि पवन्या यांनी भरलेला माळ ही उभी दौलत. महसूल खात्याच्या दृष्टीने तो खराबा. आजही मुद्रांकासाठी जिरायत जमिनीचे सरकारी मूल्य काढताना आकारणीचाच आधार घेतला जातो. म्हणजे गवताची किंमत तेव्हा शून्य होती, आजही शून्य आहे. घेणारा या शून्याचा लाभ उठवितो, त्यात त्याचा दोषही नाही. बाजारात जे फुकट मिळते त्याचे पैसे कोण मोजील?

गेल्या तीन दशकांत या माळांना अकस्मात गिऱ्हाईक आले. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळचे चाळकेवाडी येथील पठारांवर, धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या राहिल्या. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी जसजसे पुढे सरकले तसतसा सांगली जिल्ह्यातील कोरडवाहू माळ द्राक्षे, डाळिंब आणि ऊस यांच्या हिशेबाने विकला जाऊ लागला. पाणी प्रत्यक्ष येण्याची वाटही कोणी पाहत नाही, योजनेची बातमी पुरेशी होते. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पासाठी भाड्याने दिलेल्या खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरविण्यात आले आहे. माळाच्या धन्याला हे आकडे ऐकून भुरळ पडली तर नवल नाही.

त्याने जमीन विकू नये असे सांगणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ कर्ज फेडण्याचे, मुलीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण उरकण्याचे दुसरे साधन बहुधा नसते. विकणाऱ्यांत मेंढपाळ कुटुंबेही असतात, ही गोष्ट शहरातील निसर्गप्रेमी विसरतात. पवनचक्कीची किंवा सौर विजेची गरजही नाकारता येणार नाही. तेव्हा प्रश्न विक्री बंद करण्याचा नसून, विक्रीत ज्याचा हक्क बुडतो त्याची दखल घेण्याचा आहे.

येथे कायद्याने केलेला विपर्यास पाहण्याजोगा आहे. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेऊ देत नाही. सावकार आणि शहरी धनिक यांच्या तावडीतून जमीन वाचविण्याचा त्यामागचा हेतू स्तुत्य होता. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येत पशुपैदास आणि चराई हे शेतीचे ‘जोडधंदे’ ठरविले असून त्यांना शेती या संज्ञेतून वगळले आहे. ज्याच्या नावावर गुंठाभरही शेत नाही असा मेंढपाळ म्हणून ‘शेतकरी’ ठरत नाही. शेतमजुराला जी सवलत आहे तीही त्याला नाही. उलट औद्योगिक वापरासाठी जमीन घेणाऱ्याला पुढे कलम ६३ एक-अ अन्वये वाट मोकळी करून देण्यात आली. पवनचक्कीची कंपनी माळ विकत घेऊ शकते, आणि त्या माळावर ज्याच्या आजोबाने मेंढरे राखली तो माणूस पैसे गाठीशी असले तरी परवानगीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणार, अशी ही व्यवस्था आहे.

शासनाला या अडचणीची जाणीव नाही असे नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या मेंढपाळांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी चराई अनुदान देण्याची तरतूद झाली. पावसाळ्यात चरावयास रान उरलेले नाही, याची ही सरकारी कबुलीच म्हणावी लागेल. भूमिहीन मेंढपाळाला जागा खरेदीसाठीही साहाय्य ठेवले गेले, मात्र ते किमान एका गुंठ्याच्या हिशेबाने. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. एका गुंठ्यात बंदिस्त शेड उभी राहील. दख्खनी मेंढी, जी मैलोन्‌मैल चालून अंग धरते, ती तेथे काय खाणार, याचा विचार योजना लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

मग उरते गायरान. पण तेथेही त्याला पाय ठेवावयास जागा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवता येते. परंतु कलम २३ प्रमाणे ती चराई फक्त त्या गावच्याच गुरांची. वाट चालणाऱ्या कळपाला कायद्याच्या लेखी कोणतेच गाव नाही. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले, आणि त्याच वर्षी राज्य शासनाने गायराने इतर कामांसाठी देण्यावर निर्बंध घातले. तरीही सौर प्रकल्पांसाठी आता सरकारी जमिनींबरोबर गायरानेही दिली जात आहेत. मोबदल्यापोटी ग्रामपंचायतीला अनुदान मिळते. मेंढपाळाला विचारावे असे कोणालाच वाटत नाही.

कोकणातील हिवाळी मुक्कामाचीही हीच गत आहे. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांचे वाडे कल्याण, भिवंडी आणि रायगडच्या भातखाचरांत उतरत आले. खोपोली-कर्जत पट्ट्यात फार्महाऊससाठी आणि पेण-पनवेल बाजूला शहर, विमानतळ व २०२४ मध्ये खुला झालेला सागरी सेतू यांच्या आशेने खाचरांचे तुकडे विकले गेले. नव्या मालकाला खताची गरज नाही, कारण तो पीकच काढीत नाही. त्याला हवी असते ती भिंत.

यावर उपाय अगदीच अपरिचित नाही. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना आहे. कर्जाचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाट यांची नोंद तेथे होते आणि जमीन कोणीही घेतली तरी ती नोंद जमिनीबरोबर जाते. शेतरस्त्यांची नोंद याच रकान्यात घेण्याचे शासनाने २०२५ मध्ये ठरविले. शेतकऱ्याच्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला जो न्याय, तो मेंढरांच्या पायवाटेला आणि हंगामी चराईला का नसावा? २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क वनजमिनीपुरता स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. विदर्भात जुन्या मध्यप्रांताच्या महसूल पद्धतीतून आलेले निस्तारपत्रक गावाच्या पडीक जमिनीवरील चराईची व्यवस्था लिहून ठेवते. इंग्लंड व वेल्समध्ये १९६५ च्या कायद्याने सामाईक कुरणांवरील हक्कांची नोंदवही तयार झाली. अमुक शेताच्या मालकाला डोंगरावर इतक्या मेंढ्या चारण्याचा अधिकार, असे तिच्यात आकड्यांनिशी लिहिलेले असते. तेथील डोंगराळ भागात शेत विकले जाते तेव्हा डोंगराची ओळख असलेला कळपही पुष्कळदा शेताबरोबरच विकला जातो. तेथे चराईला किंमत आहे, कारण ती कागदावर आहे.

आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. नोंद झाली की जमिनीचा भाव उतरेल, अशी विकणाऱ्याची भीती आहे. म्हणून खासगी माळावर ही नोंद सक्तीची न करता, मालकाच्या संमतीने आणि शासनाने त्याला वार्षिक मोबदला देऊन व्हावी, हे अधिक रास्त. चराई अनुदानावर जो पैसा जातो त्याचा काही भाग इकडे वळविता येईल. गायरानाच्या बाबतीत मात्र संमतीचा प्रश्नच नाही. ते देण्यापूर्वी तेथे चरणाऱ्या कळपांची सुनावणी व्हावी आणि कलम २३ मध्ये हंगामी कळपांचा समावेश व्हावा. उभ्या पिकात मेंढरे घुसतात ही तक्रारही खरी आहे, आणि वाटा अडविल्यामुळे ती वाढते हेही तितकेच खरे. नोंद एकेका मेंढपाळाच्या नावे न करता वापराच्या नावे केल्यास वारसांचे तंटेही टळतील. या कामासाठी गावोगाव चौकशी करावी लागेल, आणि ती श्रावण-भाद्रपदातच करावी लागेल. दिवाळीनंतर भरविलेल्या ग्रामसभेत मेंढपाळ हजर नव्हते, असा शेरा मारून प्रकरण मिटविणे फार सोपे असते.