जॅक जॉन्सनचा ठोसा आणि काळारामाचे दार

अंगी गुणवत्ता असेल तर कोणी अडवू शकत नाही, असा उपदेश आम्हाला सतत ऐकवला जातो. आरक्षणाचा विषय निघाला की हमखास. उपदेश करणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : जॅक जॉन्सनचे नाव ऐकले आहे काय?

जॉन्सन हा हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला काळा जगज्जेता. जन्म १८७८ चा, अमेरिकेतील टेक्सासमधला. आईबाप गुलामीतून सुटलेले. १९०३ साली तो 'काळ्यांचा हेवीवेट विजेता' झाला. होय, काळ्यांचा किताबही वेगळा होता! आपल्याकडे पाणवठा वेगळा, तिकडे आखाडा वेगळा. गोरा जगज्जेता जिम जेफ्रीज किताबासाठी काळ्याशी लढायलाच तयार नव्हता. १९०५ साली तो 'अपराजित' म्हणून निवृत्त झाला. ज्याच्याशी लढायचे नाही त्याच्याकडून हरण्याचा प्रश्नच कुठे येतो? गुणवत्तेचे ढोल बडवणाऱ्यांची हीच खरी युक्ती आहे.

जॉन्सन मात्र हटला नाही. नवा विजेता टॉमी बर्न्स याचा त्याने देशोदेशी पाठलाग केला. अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियात, सिडनीला लढत झाली. बर्न्सला ३० हजार डॉलर, जॉन्सनला ५ हजार. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था पाहून पोलिसांनीच लढत थांबवली. जॉन्सन जगज्जेता झाला.

मग गोऱ्या अमेरिकेला झोप येईना. जॅक लंडनसारख्या नामवंत लेखकाने जेफ्रीजला परत रिंगणात येण्याची हाक दिली. जेफ्रीज आला. ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, रेनो शहर. पंधराव्या फेरीत 'गोऱ्यांची आशा' लोळवली गेली. त्या रात्री अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले केले, माणसे मारली. या लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ साली मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदाच झाला. हरलेल्याचे तोंड झाकण्यासाठी कायदा!

रिंगणात हरवता येईना, तेव्हा न्यायालयात गाठले. स्त्रियांचा व्यापार रोखण्यासाठी केलेला कायदा जॉन्सनच्या गोऱ्या स्त्रियांशी असलेल्या संबंधांवर लावला गेला. १९१३ साली सर्व गोऱ्या ज्युरींनी त्याला दोषी ठरवले. तो देश सोडून गेला. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते तेथे शिकत असतानाच, ५ एप्रिल १९१५ रोजी, हवानामध्ये जेस विलार्डने जॉन्सनचा किताब घेतला. १९२० साली परत येऊन जॉन्सनने तुरुंगवास भोगला. १९४६ साली तो मोटार अपघातात गेला. त्याला माफी मिळाली २०१८ साली, शिक्षेनंतर १०५ वर्षांनी!

जॉन्सनचा आम्हाला अभिमान आहे. तो वाकला नाही, हाच त्याचा खरा 'गुन्हा' होता. पण चळवळीच्या माणसाने आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : जॉन्सन आत गेला, त्याच्या मागून किती जण गेले?

उत्तर कडू आहे. सॅम लँगफर्ड, जो जीनेट यांच्यासारखे तगडे काळे मुष्टियोद्धे दारात उभे होते. जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने त्यांना किताबासाठी संधी दिली नाही. एका काळ्याशी तो लढला, तोही परागंदा असताना, पॅरिसमध्ये. त्याच्या पराभवानंतर पुढच्या काळ्या हेवीवेट जगज्जेत्यासाठी, जो लुईसाठी, १९३७ साल उजाडावे लागले. बावीस वर्षे!

आपल्याकडचा पळवणकर बाळू आठवा. चर्मकार समाजातला हा महान गोलंदाज. पुण्यात संघासाठी गडी तोच बाद करायचा, पण चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. १९२० साली त्याच्या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला, उघड भूमिका घेतली. तेव्हा कोठे व्यवस्था हलली आणि १९२३ साली भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. जे बाळूच्या बळींनी झाले नाही ते भावांच्या एकजुटीने झाले. पुढे याच बाळूला काँग्रेसने १९३७ साली बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीत उभे केले. एकटा मोठा झालेला माणूस प्रस्थापित कसा वापरतात, याचा हा धडा आहे.

आता आमच्या नाशिककडे या. २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारासमोर कोणी एक जगज्जेता उभा नव्हता. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष उभे होते, दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते उभे होते. दगड खाल्ले, तुरुंग भोगला. लढा पाच वर्षे चालला, दार उघडले नाही. पण त्या दारासमोर समाज उभा राहिला, आणि याच जिल्ह्यात येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. जॉन्सनसाठी दार उघडले आणि त्याच्या पाठीमागे बंद झाले. काळारामाचे दार बंद राहिले, पण आमचा समाज जागा झाला.

बांधवांनो, आपल्यातला एखादा अधिकारी होतो, खेळाडू होतो, तेव्हा आपण हार घालतो, फलक लावतो. जरूर लावा. पण सत्काराच्या त्याच सभेत त्याला विचारा : तुझ्या मागून येणाऱ्यांसाठी तू काय करणार? आणि स्वतःलाही विचारा : उद्या त्याच्यावर व्यवस्था तुटून पडली, तर आपण त्याच्यामागे उभे राहणार आहोत का? जॉन्सनच्या ठोशात बळ कमी नव्हते. त्याच्यामागे संघटना नव्हती. ती उभी करणे आपल्या हातात आहे.