वऱ्हाडी मंडळींचे करायचे काय?

हल्ली लग्ने गोव्यात 'होत' नाहीत, ती गोव्यात 'आणली' जातात. दिल्ली-मुंबईचे वऱ्हाड विमानाने येते, तीन दिवस किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहते आणि परत जाते. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तर हे वऱ्हाड थेट आमच्या पेडण्यातच उतरते. पण हळद, संगीत आणि लग्न यांच्या मधल्या वेळात त्यांनी काय करायचे? उत्तर ठरलेले असते: पोहण्याचा तलाव, कॅसिनो आणि रात्री डीजे.

आमच्या गावच्या लग्नात हा प्रश्न कधी पडलाच नाही. पाहुणा चार दिवस आधी यायचा आणि कामाला लागायचा. बायका नारळ खवायला बसायच्या, पुरुष माटव घालायचे, कुणी खतखत्याच्या भाज्या चिरायचे. काम हीच करमणूक. हॉटेलातल्या पाहुण्याला असे काम नसते, म्हणून त्याच्यासाठी कार्यक्रम आखावा लागतो. आखायला हरकत नाही, फक्त तो जरा डोळसपणे आखावा, एवढेच म्हणणे आहे.

ग्रीसमधले मिकोनोस बेट बघा. तेही मौजमजेसाठीच प्रसिद्ध. पण तिथले पाहुणे सकाळी होडीत बसून शेजारच्या डेलोस बेटावर जातात आणि अपोलोच्या प्राचीन क्षेत्राचे अवशेष बघून येतात. अर्ध्या दिवसाचे काम.

आमच्याकडे अशी होडी नाही का? जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जा, दिवाड ओलांडून दुसऱ्या फेरीने डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला उतरा. कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीवर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडचे जतनकाम २०२३ मध्ये पुरे झाले. म्हणजे पाहुणा ज्या वाटेने जाईल, ती देवाचीच वाट! परतताना मयेचे तळे आणि हरवळ्याची कोरीव लेणी. पेडण्यात राहणाऱ्यांनी केरीहून फेरीने तेरेखोलला जावे. त्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या सत्याग्रही साथीदारांनी तिरंगा फडकवला होता. किती पाहुण्यांना हे कुणी सांगते?

तुम्ही म्हणाल, लग्नाला आलेल्या माणसाला इतिहास कशाला? ठीक आहे, इतिहास राहू द्या. पण मोरजीच्या कासवाचे काय? नोव्हेंबर ते मार्च हा लग्नांचाही हंगाम आणि ऑलिव्ह रिडले कासवांचाही. मादी रात्री अंडी घालायला वाळूत येते. समोर प्रखर दिवे आणि धडधडणारे कर्णे असले की ती तशीच समुद्रात परत फिरते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नयेत, हा नियम २००० सालापासून आहे. तो कासवांसाठी केलेला नाही, माणसांसाठी आहे, आणि शेजारच्या वाड्यावर माणसेही राहतात.

पाहुण्याला फक्त वाळू आणि दारू दाखवली तर त्याला गाव दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याची कुणी पर्वा करत नाही. सकाळी ज्याने मोरजीला वनखात्याने कुंपण घालून जपलेली घरटी पाहिली, तो रात्री स्वतःच डीजेवाल्याला आवाज कमी करायला सांगेल, असे मला वाटते.

तेव्हा यजमानांना आणि लग्ने ठरवणाऱ्या मंडळींना एकच सुचवणे. पत्रिकेत संगीताच्या शेजारी एक सकाळ मोकळी ठेवा. गावातलाच एखादा जाणकार सोबत घ्या, त्याला त्याचे मानधन द्या. आणि दुपारच्या पंगतीत मणगणे वाढा. लग्न आमच्या गावात आहे, हे निदान जिभेला तरी कळू दे!